बंगईची रेघ

"आत्या, पापा नहीं रहे..." भाचीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते, आणि फोन ठेवल्यावरही निवडतच राहिले. वेडं मन! विलासदादाला जाऊन महिना झाला, तरी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्याच्या घरी गेलं की मी आधी बंगईकडे, त्याच्या त्या झोपाळ्याकडे बघते.

रायपूर राजधानी झालं, कचेऱ्यांत नवे कॉम्प्युटर आले आणि लिलावातला एक जुना आमच्या दादाच्या पदरात पडला. मग त्याला एकच वेड. जगातलं हलतं-डुलतं काहीतरी त्या डब्यात उतरवायचं! हालचाल मोजून कॉम्प्युटरला कळवणारं कार्ड परवडण्यासारखं नव्हतं. दादाने सदर बाजारातून व्हिडिओ गेमचा जुना जॉयस्टिक आणला. "याच्या पोटात रेडिओच्या आवाजाचं असते तसं फिरतं बटन असते. दांडा हलला का कॉम्प्युटरले समजते," म्हणाला, आणि तो दांडा तारेने बंगईच्या कडीला जोडला. बंगई हलली की पडद्यावर रेघ वर-खाली वाहायची. दुपारी खिडक्या लोटून आम्ही ती लाट बघत बसायचो... कधी डोळा लागायचा कळायचंही नाही.

वहिनीचं ठाम मत होतं, "दोघं बसलो का बंगई हळू चालते, एकटी बसली का पळते." दादा म्हणे, वजनाचा काही संबंध नाही. शेवटी आधी दोघं बसली, मग वहिनी एकटी. दोन्ही रेघा सारख्याच! दादा लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता. वहिनी कुठली ऐकते? "तुमचं मशीन तुमच्याच बाजूनं बोलून राहिलं." पुढे कितीतरी वर्षं चहा पिताना हे भांडण चालायचं, त्याच बंगईवर.

दादा गेला आणि वहिनी बंगईवर बसेनाशी झाली. बाजूला खुर्ची ओढून बसायची. भाची म्हणाली, "मम्मी देखकर रोती है, निकलवा देते हैं." सुताराला सांगूनही झालं होतं.

परवा गेले आणि कॉम्प्युटर सुरू केला. घरघर ऐकून वहिनी बाहेर आली. थोडा वेळ उभी राहिली... मग दादाची जागा सोडून आपल्या कडेला बसली आणि पायाने हलका रेटा दिला. रेघ उमटू लागली. दोघांची जुनी रेघ दादाने जपून ठेवली होती, ती मी खाली लावली. वहिनी एकटी, तरी तीच लाट, तेवढंच अंतर.

वहिनी किती वेळ बघत होती कोण जाणे. मग भाचीला म्हणाली, "सुताराले नको म्हण."

आणि शेजारच्या रिकाम्या फळीकडे वळून, "हव... जिंकले तुम्ही," म्हणत तिने पाय वर घेतले.