आपल्या भाषेतला पेपर

भाईदास पाटलाची धनश्री डॉक्टर होणार, हे सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या गल्लीला धनश्रीच्या आधी ठाऊक झालं होतं. भाईदास यंत्रमागाच्या कारखान्यात, लूमच्या खात्यात, कारागीर. लूमच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नाही, म्हणून ती माणसं बाहेर आली तरी मोठ्यानंच बोलतात. भाईदास चहाच्या हातगाडीपाशी, म्हणजे तिकडच्या लारीपाशी, उभा राहून म्हणायचा, "मनी आंडेर डाक्टर व्हई!" आंडेर म्हणजे लेक. ते पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत ऐकू जायचं.

घर एका खोलीचं. रातपाळी करून तो सकाळी आडवा झाला की घरात भांड्याचा आवाज करायचा नाही. आई मंदा दारात बसून साड्यांवर खडे चिकटवायची. धनश्री पुस्तकं घेऊन गच्चीवर जायची आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची. सावली सरकेल तशी तीही सरकायची. उन्हाळ्यात तिथं सिमेंट तापायचं, पाठ भाजायची, पण नीटचा पेपर भर दुपारी असतो, म्हणून ती मुद्दाम भर दुपारीच बसे. त्या वेळी जेवण अंगावर येतं आणि डोळे मिटतात. ते मिटू नयेत म्हणून तिनं दुपारचं जेवण कमी केलं. नुसती मुगाची खिचडी खायची, तीही अर्धीच.

पहिल्या वेळी तिचा पेपर अर्धवट राहिला होता. भौतिकशास्त्राच्या एका गणितात ती अडकली आणि चिखलात बैल रुतावा तशी रुतून बसली. पुढच्या वर्षी ती शहाणी झाली. आधी जीवशास्त्र, मग रसायन, शेवटी भौतिक. अडलं की बाजूला खूण करायची आणि पुढं जायचं, मागं वळून बघायचं नाही. नवल असं की सोडून द्यायला शिकल्यावर तिला जास्त यायला लागलं. दुसऱ्या वेळी सरकारी कॉलेजातली जागा अगदी थोडक्यात हुकली. क्लासच्या सरांनी तिला कागद दाखवून सांगितलं, "हवे तारी झडप आवी गई छे. बस, एक वार वधारे." तुझ्या हाताला वेग आलाय, आता फक्त आणखी एकदा.

भाईदासनं ते ऐकलं आणि मान हलवली. "एक वार," तो म्हणाला. "मंग नही. मंग जे व्हई ते व्हई." मग काय होईल, ते त्या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. शहाद्याकडचं एक स्थळ दोनदा निरोप पाठवून गेलं होतं.

त्याच हिवाळ्यात गावाहून सुकदेवचा फोन आला. सुकदेव हा भाईदासचा धाकटा भाऊ. दोंडाईच्याजवळच्या गावी शेती सांभाळतो, आणि सुरतेतल्या भावाला काही ना काही शिकवल्याशिवाय फोन ठेवत नाही.

"भाऊ, धनश्री पेपर कोणत्या भाषेत देते?"

"गुजरातीमा. कसाले?"

"अरे, आपण पाटील की पटेल? मराठीत फॉर्म भर म्हण तिला. मराठी भरलं की परीक्षेचा नंबर महाराष्ट्रात लागतो. धुळे केंद्र घेऊन टाक. मे महिन्यात आपल्या गायत्रीचं लग्न काढतोच आहे. पेपर देईल, संध्याकाळी गोरज मुहूर्तावर अक्षता टाकील. एका खेपेत दोन कामं!"

भाईदासला ते एकदम पटलं. एका खेपेत दोन कामं करणं हे सुरतेतल्या खान्देशी माणसाच्या अंगातच असतं. गावी जायचं तर लग्न, साखरपुडा आणि दहावं जमवूनच तो जातो, कारण खाडा पडला की मजुरी बुडते. आणि 'आपली भाषा' हे शब्द तर त्याच्या छातीत जाऊन बसले. वीस वर्षं शेठसमोर हात जोडून तो गुजराती बोलत आला होता. लेकीनं तरी डॉक्टरी आपल्या भाषेत मिळवावी.

धनश्री म्हणाली, "पप्पा, नववीपासून माझं सगळं गुजरातीत झालंय."

"आठवीलगून मराठी शाळामा होतीस ना? पहिला नंबर कोणाचा यायचा?"

"माझा."

"घरात कोणती बोलतेस?"

तिलाही वाटलं, घरचीच तर भाषा आहे. भाकरी मागायला, भांडायला, रडायला हीच भाषा पुरते, मग पेपराला का पुरणार नाही? शिवाय बाजूला इंग्रजी छापलेलं असतंच. एवढा एकच विचार तिनं केला आणि मान डोलावली. क्लासमधले सराव पेपर मात्र पूर्वीसारखे गुजरातीतच सोडवत राहिली, कारण दुसरे मिळालेच नाहीत.

मे महिन्यात उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी डिंडोली लग्नांना निघाली होती. नंदुरबारपर्यंत धनश्री दारापाशी दोन गोण्यांच्या मध्ये उभी होती. गावात मांडवात पाय ठेवताच आत्या-काकूंनी तिला घेरलं.

"आली ग डॉक्टरीनबाई! दे हात, मेंदी काढू."

"नको आत्या. उद्या पेपराला अंगठ्याचा ठसा घेतात."

"म्हणजे नवरी कोण, तू का गायत्री? एवढा कसला तोरा?"

"तिला नाडी बघू दे आधी तुझी," दुसरी म्हणाली आणि मांडव हसला.

हळदीचा डीजे पहाटे थांबला. ज्या ओसरीत तिला झोपायला सांगितलं होतं, तिथं अकरा बाया आणि त्यांची पोरं होती. सकाळी सुकदेवची गाडी तिला धुळ्याला नेणार होती. ती गाडी आधी नवरदेवाकडच्या म्हाताऱ्या मंडळींना आणायला गेली. मंदा दर पाच मिनिटांनी रस्त्यावर जाऊन बघून येई. सुकदेव मांडवाचे दोर आवळत म्हणे, "वहिनी, धुळं काय लंडनला आहे का?" गाडी आली तेव्हा ऊन डोक्यावर चढलं होतं. केंद्राचं फाटक लागायच्या जरासं आधी धनश्री आत शिरली. पोटात खिचडी नव्हती. लग्नाचे दोन बुंदीचे लाडू होते, तेही मंदानं गाडीत जबरदस्तीनं भरवलेले.

पेपर उघडला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. ती मराठीकडे वळली, जसं माणूस अंधारात ओळखीच्या घराकडे वळतं, आणि जीवशास्त्राच्या पहिल्याच पानावर उंबऱ्याला ठेच लागली. लिहिलं होतं गुणसूत्र. तिच्या डोक्यात होतं गुजरातीतलं रंगसूत्र. विकर म्हणजे काय? तिनं इंग्रजीत पाहिलं, एन्झाइम, मग मनातल्या मनात म्हटलं, अच्छा, उत्सेचक. संप्रेरक म्हणजे अंतःस्राव. प्रत्येक प्रश्न आधी मराठीत वाचायचा, मग इंग्रजीत, मग तो मनात गुजरातीत उतरायचा आणि तेव्हा कुठं उत्तर वर यायचं. उत्तर येत होतं. तेच तर वाईट होतं. तिला येत होतं सगळं, फक्त यायला उशीर होत होता.

अडलं की सोडायचं, हा तिचा नियम. पण इथं प्रश्न अडत नव्हता, शब्द अडत होता. आणि आपल्याच घरचा शब्द सोडून पुढं जायला तिचं मन तयार होईना. हे कसं येत नाही? हे तर आपलं आहे. अशी ती शब्दाशब्दाला उभी राहिली. पहिल्या तासात जे जीवशास्त्र हातावेगळं व्हायचं, ते तासाची घंटा झाली तरी संपलं नव्हतं.

मग झोप आली. गच्चीवर जिला तिनं तीन उन्हाळे हुसकावून लावलं होतं, ती आता गाडीतल्या उभ्या प्रवासाचं, हळदीच्या डीजेचं आणि लाडवांचं सगळं येणं घेऊन आली. क्षणभर डोकं पुढं झुकलं. जाग आली तेव्हा पेनाची रेघ उत्तराच्या कागदावर तिरकी ओढली गेली होती. नंतर तिला आठवतं ते एवढंच, की भौतिकशास्त्राला पोचली तेव्हा वर्गावरच्या बाई म्हणत होत्या, थोडाच वेळ उरला आहे. त्वरण या शब्दाकडे ती बघत राहिली. प्रवेग म्हटलं असतं तर हात आपोआप चालला असता. शेवटी तिनं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. न वाचता गोल काळे करत गेली. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, हे ठाऊक असून.

बाहेर भाईदास उसाच्या रसाचा ग्लास धरून उभा होता. त्याच्या शर्टावर हळदीचे डाग होते.

"कसा गया? आपली भाषामा होता ना?"

"हो," ती म्हणाली.

संध्याकाळी गायत्रीचं लग्न लागलं. भाईदासनं व्याह्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांसमोर तिला उभं केलं. "आजच पेपर देऊन आली. मराठीत." ती हात जोडत राहिली, आणि अक्षता तिच्याही डोक्यावर पडत राहिल्या.

निकाल जूनमध्ये लागला. मागच्या वर्षापेक्षाही गुण खाली गेले होते. सरकारी जागा राहिली दूर, तिच्या आसपासचंही काही हाती लागण्यासारखं नव्हतं. मंदा खडे चिकटवायचं सोडून भिंतीला टेकून बसली. भाईदास दिवसपाळी करून आला होता. कानशिलावर कापसाचं तूस तसंच. त्यानं मोबाइल उलटा ठेवला.

"मी त्या लारीवर काय सांगू?" तो म्हणाला. "गुजरातीमा एवढं आणलं होतंस. आणि आपल्या भाषेत असून एवढं कमी? लाज नाही वाटत?"

तीन वर्षांची दुपार धनश्रीच्या पाठीत होती. तिला रडायचं होतं. त्याऐवजी ती बोलली.

"ती तुमची भाषा आहे, पप्पा. माझी नाही."

"काय?"

"माझी आहे असं तुम्ही सांगितलंत आणि मी मानलं. मला ती बोलता येते. तिच्यात विचार करता येत नाही. मी इथं जन्मले. तुम्ही इथं आलात म्हणून."

मंदा हळूच म्हणाली, "धनश्री, गप ग." पण सांगून झालं होतं. भाईदास उठला, त्यानं मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ तोंड धूतच राहिला.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "पुन्हा भर. गुजराती भर. मी डबल पाळी करतो." ते त्यानं कसं म्हटलं असेल, हे त्याच्या जागी उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. धनश्री नाही म्हणाली. तिच्याच्यानं आता ते होणार नव्हतं. वेग एकदा हातातून गेला की तो पुन्हा यायला वर्ष लागतं, आणि तिच्याकडे वर्ष होतं पण हात उरला नव्हता. शहाद्याच्या स्थळालाही तिनं नाहीच म्हटलं. तेवढी एक गोष्ट तिनं वाचवली. आता ती सुरतेतच भेस्तानला एका सोनोग्राफीच्या दवाखान्यात बसते आणि बायकांची नावं पुकारते.

भाईदास लारीवर अजून जातो. चहा घेतो, कोपऱ्यात उभा राहतो. लोक त्याच्याशी बोलायला कान पुढं करतात, इतकं हळू तो आता बोलतो.

घरी आणखी एक बदल झाला. पाळीवरून आला की तो दारात चप्पल काढतो आणि धनश्रीला म्हणतो, "बेटा, पाणी आपजे." पाणी दे, एवढंच, पण गुजरातीत. त्याला येते ती गुजराती शेठसमोरची. खाली मान घालून बोलायची, हा जी, ना जी करायची. त्याला दुसरी गुजराती येतच नाही. आपल्या लेकीशी तो त्याच भाषेत बोलतो.

पहिल्यांदा तिला वाटलं, टोमणा मारतोय. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो अगदी मनापासून बोलत होता.

"पप्पा, मराठीत बोला ना," ती म्हणाली.

"ना, ना, बेटा. चालशे," भाईदास म्हणाला, आणि तांब्या घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढं केले.