म्हात्रेमामांची न जुळलेली सही

म्हात्रेमामांची सही जुळत नव्हती. मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. रेकॉर्डमधली सही ठसठशीत आणि आजच्या फॉर्मवर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा.

मी कोपरखैरण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात हेडक्लार्क आहे. मामा आमच्या केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट. आमच्या पगारातून दर महिन्याला पेन्शनसाठी रक्कम कापतात, सरकारही आपला हिस्सा घालतं. हे एनपीएस. नोकरीत असताना माणूस गेला, तर पुढचा हक्क नॉमिनीचा, म्हणजे त्याने फॉर्मवर ज्याचं नाव दिलंय त्याचा.

मामांच्या फॉर्मवर एकट्या मुलाचं नाव होतं. मुलगी वैशालीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा तिचं नाव त्यांनी मलाच काढायला लावलं होतं.

पुढे मामांना अर्धांगाचा झटका आला. वैशाली सासरहून, द्रोणागिरीहून, रोज हॉस्पिटलात डबा आणायची. उजवा हात थोडा सावरला, मामा कामावर आले आणि आधी माझ्या टेबलाशी उभे राहिले.

“मॅडम, पोरीचा नाव टाकाचा हाय. दोघांना अर्धा अर्धा.”

फॉर्म मी भरते म्हटलं, पण ऐकलं नाही. तिचं नाव त्यांनी स्वतः लिहिलं. बराच वेळ लागला. मग सही केली.

“मामा, ही सही वरच्या ऑफिसातून परत येईल. हात बरा होऊ दे, मग पाठवू.”

“आनि नाय झाला तं?”

“होईल हो. घाई कसली?”

ऑडिट चालू होतं. मी फॉर्म त्यांच्या फाइलमध्ये ठेवला. महिन्याच्या आत दुसरा झटका आला आणि मामा गेले.

मुलगा क्लेम करायला आला. मी त्याला फॉर्मबद्दल सांगितलं.

“तो फॉर्म वर गेला होता का?”

“नाही.”

“मग विषयच संपला ना, मॅडम.”

नियमाने तो बरोबर होता. क्लेम माझ्याच सहीने पुढे गेला.

नंतर वैशाली आली. ती भांडेल म्हणून मी उत्तरं जुळवून बसले होते.

“दादाला मिळालं, मिळू दे. मला एकच विचारायचंय. बाबांनी माझं नाव काढलेलं, ते शेवटपर्यंत तसंच होतं?”

मी फाइल उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“हे त्यांनी लिहिलंय?”

“हो. स्वतः.”

“मला वाटायचं, माझा डबा नाइलाजाने खातात.”

मग ती रडली. मी पाणी दिलं. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं. तिने फॉर्मची झेरॉक्स मागितली, तेवढी काढून दिली.

ती गेल्यावर मी नियमांची पुस्तिका काढली. सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर घेतलेला अंगठा चालतो. सहीच्या नियमाच्या पुढच्याच पानावर स्पष्ट छापलं होतं. इतकी वर्षं ती पुस्तिका माझ्याच ड्रॉवरमध्ये होती.

आता मी कुणालाही “नंतर या” म्हणण्याआधी पुढचं पान वाचते.