धारेवरच्या वाऱ्याची बातमी

माझा नवरा मला वेधशाळा म्हणतो. हा शब्द मराठी माणूस कौतुकाने वापरत नाही, हे मला कळतं. पाऊस सांगावा आणि कडक ऊन पडावं, अशी तिची कीर्ती. तरी मी ते नाव आनंदाने लावून घेतलं आहे, कारण सांता क्लारातल्या आमच्या मराठी ट्रेकिंग ग्रुपमध्ये हिवाळाभर रोज सकाळी डोंगरावरचं हवामान वाचणारी मी एकटीच. बाकीचे फोनवर सूर्याचं चित्र दिसलं की सॅक भरायला घेतात.

मी मूळची नागपूरची. बर्फाशी माझा संबंध रसवंतीपुरता. इथे येऊन पन्नाशीत स्नोशू घालून बर्फात चालायला लागले, एकदा कमरेपर्यंत रुतले, आणि बाहेर काढेपर्यंत नवरा हसत होता त्याचा राग येऊन हिमस्खलनाचा रीतसर कोर्स केला. रागाच्या भरात मी बऱ्याच चांगल्या गोष्टी केल्या आहेत, त्यातली ही एक. तिथे कळलं की सिएराच्या डोंगरांत भटकणाऱ्यांसाठी रोज पहाटे एक बातमीपत्र निघतं. धारेवर वारा कुठून वाहतोय, रात्री किती बर्फ पडला, झाडांची हद्द संपते तिथून वर काय परिस्थिती आहे, कुठल्या अंगाच्या उतारापासून लांब राहायचं, सगळं त्यात असतं. आदल्या दिवशी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन, बर्फात खड्डा खणून, थर बघून आलेलं असतं. मी ते वाचते आणि ऑफिसची पहिली मीटिंग सुरू व्हायच्या आत मराठीत बोलून ग्रुपवर टाकते. शनिवार-रविवार कोणी जाणार असो वा नसो. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं येतात. ऐकलं किती जणांनी, ते देव जाणे.

नवऱ्याने साठाव्या वाढदिवसाला ना साठीशांत मागितली ना पार्टी. त्याला एक खिंड हवी होती. सिएरातली, ऐन हिवाळ्यात, स्वतःच्या पायांनी चढून, वरून पलीकडचं तळं बघायचं. तो पुण्याचा, शाळेपासून सह्याद्रीत हिंडलेला. गडाच्या पायथ्याला जाऊन वर न जाता परत आलो असं आयुष्यात झालेलं नाही, हे तो दर लग्नात आणि बारशात कोणाला तरी ऐकवतोच. आधीचे दोन हिवाळे त्याच्या गुडघ्याने खाल्ले होते, आणि डॉक्टरांनी पुढच्याची खात्री दिलेली नव्हती. म्हणजे यंदा नाही तर बहुधा कधीच नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही ते बोललो नव्हतो.

आम्ही चौघं निघालो. आम्ही दोघं आणि आमच्यासाठी अर्विंगहून विमानाने आलेलं एक तरुण जोडपं. ती दोघं पूर्वी आमच्याच गल्लीत राहायची, आम्हाला काका-काकू म्हणतात. डोंगराजवळच्या भाड्याच्या घरात सकाळी मी बातमीपत्र मोठ्याने वाचलं. दिवस स्वच्छ, पण धारेवर रात्रभर नैऋत्येचा जोराचा वारा. ईशान्येच्या उतारांवर वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ साचला असेल, तसं दिसलं तर त्यावर पाऊल टाकू नका. आमच्या वाटेत शेवटचा उतार नेमका ईशान्येचा होता. मी म्हटलं, तिथवर जाऊ आणि तिथे ठरवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. सकाळच्या चहाबरोबर माना सहज डोलतात.

खाली झाडांत पानही हलत नव्हतं. ऊन असं की जाकिटं काढून सॅकला बांधली. नवरा खुशीत होता, गुडघ्याची तक्रार नाही, थांबला की सगळ्यांना गूळपोळीचे तुकडे वाटत होता. मग झाडं संपली आणि समोर खिंड दिसली. तिच्या डावीकडे धारेवरून बर्फाचा धुरळा उडत होता, गिरणीत पीठ उडतं तसा. आणि आमच्यापासून थेट खिंडीपर्यंत, त्या उतारावरून तिरकी, माणसांच्या पावलांची वाट गेलेली होती.

"चला, वाट मळलेली आहे," नवरा म्हणाला.

सह्याद्रीत हिंडणाऱ्याला हे वाक्य म्हणजे अर्धा गड चढल्यासारखं. चुकलास तर मळलेली वाट शोध, तिला सोडू नकोस, हे तिथे पोराटोरांना शिकवतात, आणि तिथे ते शंभर टक्के खरं आहे. मातीची वाट काल होती तशीच आज असते. बर्फाचं तसं नाही. मी पुढे जाऊन पाहिलं. जवळची पावलं स्पष्ट होती, पण उताराच्या मध्यावर ती अर्धी बुजलेली आणि त्यापुढे नुसत्या पुसट खुणा. म्हणजे कालची माणसं कालच्या बर्फावरून गेली होती. त्यानंतर रात्रभराच्या वाऱ्याने तिथे नवा थर आणून टाकला होता. काठी टोचली तर वर कडक आणि खाली पोकळ लागलं. बाजूला बुटाने दाबलं तर कवच तडकून रेघ पुढे सरकली. असं कवच माणसाच्या वजनाने अख्खं सुटून खाली येतं.

"परत फिरायचं," मी म्हणाले.

"काकू, अहो खिंड समोर दिसतेय यार," तो तरुण म्हणाला. "एकेक करून क्रॉस करू ना. लोक गेलेत ऑलरेडी."

"काल गेलेत."

"पण आपण इतक्या लांबून आलोय, आणि काकांचा बर्थडे आहे."

हे त्याने बोलायला नको होतं, कारण तेच माझ्या मनात होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बातमीपत्राचा, कोर्सचा आणि माझ्या शहाणपणाचा मनस्वी राग आला. मी नवऱ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते.

नवरा बराच वेळ खिंडीकडे बघत उभा राहिला. मग त्याने गॉगल वर केला, डोळे पुसले, परत लावला.

"ती नाही म्हणाली ना," तो त्या मुलाला म्हणाला. "मग विषय संपला." आणि आपल्याच पावलांवरून खाली चालू लागला. तो तरुणही वळला. त्याच्या बायकोने उतरताना माझा हात हलकेच दाबला.

तो उतार त्या दिवशी घसरला की नाही, मला माहीत नाही. मी मुद्दाम चौकशी केली नाही. घसरला तरच मी बरोबर, असं काही नसतं. जे समोर दिसलं त्यावर मी बोलले, आणि तेवढं बोलायला मला जमलं, याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

संध्याकाळी गाडी मी चालवत होते. तरुण जोडपं मागे गाढ झोपलं होतं. पुण्यात सकाळ झाल्यावर धाकट्या दिरांचा वाढदिवसाचा फोन आला. नवऱ्याने स्पीकरवर घेतला.

"काय दादा, खिंड सर केली का?"

"नाही," नवरा म्हणाला. "अगदी खिंडीखाली जाऊन परत आलो. तुझ्या वहिनीने फिरवलं."

"परत आलात?" दिरांनी पुन्हा विचारलं. या माणसाच्या तोंडून असं वाक्य त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"अरे, तिने बर्फ बघूनच ओळखलं," नवरा सांगू लागला, आणि मग काठी कशी टोचली, रेघ कशी सरकली, सगळं रंगवून, माझ्याकडे न बघता. मुलगी बोर्डात आली की बाप फोनवर सांगतो, अगदी त्या आवाजात.