टाकलेली ओळ

शुभदाताईंना खुर्चीत बसलेलं आमच्या ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं. रत्नागिरीत मांडवी बंदराजवळच्या त्या दोन खोल्यांत बाई कीबोर्डसुद्धा उभ्यानेच बडवायच्या. मध्येच खिडकीशी जाऊन समुद्र बघायच्या, परत यायच्या. "ताई, टेका जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तू बस रे मेल्या, मला बसवत नाही." धाकटा भाऊ वसंत बोट घेऊन गेला की ही येरझार दुप्पट व्हायची.

आमचं काम म्हणजे हवामानाच्या लांबलचक बातमीपत्रातल्या रत्नागिरीच्या ओळी निवडून बोटवाल्यांच्या मोबाइलवर धाडायच्या. निवडायला ताईंनी सेडची स्क्रिप्ट लिहिली होती. सेड हा जुना, सरळमार्गी प्रोग्रॅम. एकेक ओळ वाचतो आणि आपण घातलेल्या अटी तिला वरून खाली लावत जातो. पहिली अट: 'इशारा मागे' असेल तर ओळ टाक. दुसरी: 'रत्नागिरी' आणि 'वादळ' दोन्ही असतील तर पाठव. पहिल्या अटीने टाकलेली ओळ दुसरीपर्यंत पोचतच नाही. सगळं बरं चाललं होतं, तरी ताई मूळ बातमीपत्र स्वतः वाचायच्याच.

"मशीन वाचतंय ना!" मी चिडवायचो.

"मशीनचा भाऊ नाय पाण्यात."

एका दुपारी वाचता वाचता त्या किंचाळल्याच. "अरे देवा! ही ओळ गेलीच नाही!" लिहिलं होतं, 'रायगडसाठी वादळाचा इशारा मागे, आता रत्नागिरीसाठी लागू.' 'इशारा मागे' दिसताच स्क्रिप्टने अख्खी ओळ टाकून दिली होती. आणि वसंत सकाळीच समुद्रात गेलेला.

ताईंनी त्याला फोन लावला. संपर्काबाहेर. पुन्हा लावला, तेच.

"ताई, चला बंदरावर!" मी ओरडलो.

"तिथे जाऊन काय हाका मारू? बाकीच्या बोटींत माणसं नाहीत काय?" पहिली अट सुधारत बसल्या नाहीत, ती सरळ उडवलीच आणि बातमीपत्र पुन्हा स्क्रिप्टमधून सोडलं. "जाऊ दे सगळं. नको ते गेलं तर शिव्या देतील, देऊ देत!"

मग नुसती वाट बघणं. खिडकी, दार, पुन्हा खिडकी. मागे घेतलेले इशारेही गेल्यामुळे बोटवाल्यांचे वैतागलेले फोन येत होते. ताई प्रत्येकाला सांगत होत्या, "आधी परत फिरा, मग भांडा माझ्याशी."

संध्याकाळी वसंतचा फोन आला. मेसेज त्याला मिळालाच नव्हता. पावस गावच्या एका बोटीला मिळाला, तिने जवळ येऊन बोंब मारली, म्हणून हा वळला. "अगो ताई, लागलो किनाऱ्याला," तो सांगत होता. ताईंनी फोन कानाला तसाच धरून खुर्ची ओढली आणि मटकन बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.

आता त्या राजापूरला लेकीकडे असतात. स्क्रिप्ट कधीच सुधारली आहे. तरी दुपारी फोन येतो, "वाचलंस काय रे?" मी वाचतच असतो, उभ्याने. माझं तर पाण्यात कुणीच नाही. पण बसवत नाही.