सात नंबरची रेकॉर्ड आणि देऊळघाटची वांदरं

पुण्यात आमचं एक मंडळ आहे. दर रविवारी सकाळी सात-आठ माणसं नानांच्या हॉलमध्ये जमतात आणि ग्रामोफोनच्या रेकॉर्डी बघतात. बघतात असंच लिहिलंय, चूक नाही. वाजवत कुणी नाही. वाजवली की सुई घासते आणि सुई घासली की रेकॉर्डीचं सोनं जातं, हे आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

रेकॉर्डीही साध्यासुध्या नव्हेत. विलायतेतल्या एका बड्या कंपनीचा गल्ला प्रेमाची गाणी विकून ओसंडायला लागला, तेव्हा तिला अब्रूची आठवण झाली. मग तिनं दहा रेकॉर्डींची एक मालिका काढली. शास्त्रीय संगीत, पण शास्त्रीयवाल्यांनाही घाम फुटेल असं. पियानोच्या तारांत चमचे खुपसलेत, व्हायोलिनचा गज खुर्चीच्या पाठीवर ओढलाय, मधेच एक बाई नुसती शिंकत राहते. कव्हरं मात्र देखणी, चंदेरी. दहाही शेजारी-शेजारी उभी केली की त्यांच्या कण्यांवरून, म्हणजे अरुंद कडांवरून, एक काळी रेघ सलग जाते. नानांच्या कपाटात ती सहाव्यापर्यंत जायची, मग भोक, मग आठव्यापासून पुढे. सात नंबर कुणाकडेच नव्हती.

मी या लोकांत कसा? नानांचं इंटरनेट दुरुस्त करायला गेलो आणि चंदेरी कण्यांपुढेच बसून राहिलो. बारावीत दोनदा आपटलोय, पण चकाकणाऱ्या वस्तूंचं मला कावळ्याइतकं कळतं. तेव्हापासून पोटाला चिमटा काढून मीही जमवायला लागलो. मंडळात सगळ्यांना खुर्च्या आहेत. मला दाराजवळचं स्टूल आणि चहाचे कप ने-आण करायचं खातं. नाना एकदा म्हणाले, "सात नंबर आणेल त्याला खुर्ची." सगळे हसले. मी नाही हसलो. स्टुलावरच्या माणसाला मत नसतं, आणि मला मत पाहिजे होतं.

मग एक दिवस फोनवर वांदरं हाकलायची रील आली. शेतात भोंगा लावलाय, त्यातून किंचाळ्या निघताहेत, वांदरं पळताहेत. पुढच्याच तुकड्यात तो आयडियाबहाद्दर आपल्या घरात बसून लाईक मागत होता. त्याच्यामागे काचेच्या शोकेसमध्ये, स्टीलच्या ग्लासांशेजारी, सात नंबर.

गाव: देऊळघाट, जिल्हा बुलढाणा. त्याच संध्याकाळी निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. पुण्याहून बुलढाण्याला खाजगी स्लीपर मिळते, सकाळी पोचवते. वरचा बर्थ घेऊ नका, जालन्यानंतर माणूस गादीवर कमी आणि हवेत जास्त असतो. बुलढाण्यात स्टँडबाहेर गरम आलुबोंडा खाऊन धाडच्या रस्त्याची काळीपिवळी जीप पकडायची. ती भरेपर्यंत सुटत नाही आणि भरली तरी सुटत नाही. ड्रायव्हरला विचारलं, "अजून किती?" तो म्हणाला, "घाई हाये तं मांगून धक्का दे." गंमत वाटली. मग खरंच द्यावा लागला.

रीलवाल्याचं नाव विलास. लग्न, जयंती, कीर्तन, सगळ्याला साउंड पुरवतो. मी रेकॉर्डीसाठी पुण्याहून आलोय म्हटल्यावर त्यानं आधी माझ्या चपला पाहिल्या, मग तोंड.

"येड लागलं काय बे तुले?"

रेकॉर्ड इथं आली कशी, तेही त्यानं सांगितलं. खामगावचं एक दुकान बंद पडलं तेव्हा त्याच्या वडिलांनी सगळा लॉट उचलला. त्या दुकानदाराला म्हणे दहा खपणाऱ्या रेकॉर्डी पाहिजे असल्या की एक न खपणारी गळ्यात बांधून घ्यावी लागायची. अशी विलायती क्रांती वऱ्हाडात आली, साबणावर फुकट वाटी यावी तशी. कव्हर चांदीसारखं दिसतं म्हणून विलासच्या आईनं, गंगामायनं, शोकेसात ठेवलं. आतली तबकडी वावरात, शेतातल्या भोंग्यासाठी.

वावर गावाबाहेर, रस्त्यापासून चालत. वांगी, टमाटे, कोबी. कडेला झोपडी, झोपडीत प्लेअर, बॅटरी, ॲम्प्लिफायर, आणि कडुलिंबाच्या झाडाला भोंगा. प्लेअरवर सात नंबर फिरत होती. सुई जाडजूड, ती उडू नये म्हणून दांडीवर चिकटपट्टीनं बसवलेलं नाणं, आणि तबकडीवर ओरखडे असे की एखाद्या पाटीवर कोंबड्या नाचल्यात. आमच्या मंडळात हे दृश्य कुणी पाहिलं असतं तर दोघांना सलाईन लागलं असतं.

गंगामाय बांधावर बसून मिरच्या खुडत होती. म्हणाली, "न्या बाप्पा हे. ते शिंकनारी बाई ऐकून ऐकून मलेच पडसं होऊन राह्यलं. पन वांगे?"

प्रश्न रास्त होता. वांदरांनी आदल्या वर्षी अख्खं पीक चाखून चाखून फेकलं होतं. मी तोडगा काढला. रेकॉर्ड एकदा पूर्ण वाजवून पेनड्राइव्हवर घ्यायची. पेनड्राइव्ह तुमचा, तबकडी आणि कव्हर माझं. बदल्यात माझा चांगला हेडफोन. विलासनं मिक्सर लावला, कॉपी केली. मी ती फोनमध्येही घेतली. दुपारी वांदरांची टोळी आली, पेनड्राइव्ह लावला, वांदरं शेपट्या उचलून पसार! गंगामायनं कळण्याची भाकर, भरीत आणि ठेचा वाढला. ठेचा जपून खा. मी जपलो नाही.

तबकडी कव्हरात, कव्हर टॉवेलात, टॉवेल सॅकमध्ये. आता शहाणा माणूस सरळ पुण्याला गेला असता. पण बुलढाणा स्टँडवर समोरच मेहकरची एसटी लागलेली, खिडकी रिकामी. बसलो. वाटेत हिवरा आश्रमला उतरलो, का ते विचारू नका, शेजारचे काका उतरले म्हणून. त्यांच्याकडेच एक मुक्काम झाला, मेहकरात आणखी एक. मग लोणार.

लोणारबद्दल लोक फार गंभीर लिहितात. उल्का, विवर, खारं पाणी. ते आहेच. वरून पाहिलं की छाती दडपते, आणि खाली उतरून वर चढलं की उरलेलीही दडपते. पाण्याची बाटली वरूनच न्या. पण मला आठवतात ती तिथल्या देवळांवरची वांदरं. एकानं माझ्या सॅकची चेन उघडली, हो, चेन. टॉवेल बाहेर काढला, चंदेरी कव्हरात स्वतःचं तोंड पाहिलं आणि दात विचकून मागे सरकलं. आमच्या मंडळाबाहेर त्या कव्हराकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नसेल.

तिथंच विलासचा व्हिडिओ आला. भोंगा किंचाळतोय आणि भोंग्यावरच एक ढोल्या वांदर बसून वांगं खातोय. खाली अख्खी टोळी, पंगत बसल्यासारखी. मी फोन लावला.

"पाह्यलं काय?" विलास हसत होता. "पाठ झालं त्याईले. आता चमचे वाजतात, मंग बाई शिंकते, मंग काई नाई. वांदर बी म्हनते, वाजव, आपल्याले काय."

"मग आधी कसं चालायचं?"

"आधी सुई उडतच राहे न् भाऊ, इतकं वजन ठेवून बी. ओरखडे हायेत न्, कधी इकून तिकडे, कधी तिकून इकडे. पुढं काय वाजन ते कंपनीच्या बापाले मालूम नाई. पेनड्राइव्ह रोज तेच म्हनते."

"मग रेकॉर्ड परत पाहिजे का?"

मागून गंगामायचा आवाज आला. "सौदा झाला म्हना! देल्लं ते देल्लं. मी गोफन घेऊन बसतो."

तिनं मागितली असती तर बरं झालं असतं. मी घासाघीस केली असती, सौदा म्हणजे सौदा असं ऐकवलं असतं. ती न मागता गोफण घेऊन उन्हात बसली. लोणार स्टँडवर मी चहावर चहा प्यायलो. सात नंबर दिली तर खुर्ची गेली, जन्मभर कप विसळा. नाही दिली तर एका बाईची वांगी वांदरांच्या पोटात, आणि रेकॉर्ड अशा कपाटात जिथं तिला कुणी हात लावणार नाही. हा हिशेब बारावी नापासालाही जमतो, म्हणूनच राग आला. मेहकर, चिखली, बुलढाणा, पुन्हा तीच काळीपिवळी. या वेळी न सांगता धक्का दिला.

झोपडीत जाऊन तबकडी मीच प्लेअरवर ठेवली. सुई चमच्यांवरून थेट शिंकेवर, तिथून मागे, तिथून कुठल्या कुठे. लिंबावरची वांदरं एकमेकांकडे बघायला लागली आणि मग जी सुटली ती नाल्यापलीकडे.

गंगामाय म्हणाली, "काऊन आला रे परत? तुले काम होतं न् तिचं."

"कपाटात ठेवायची होती."

"कपाटात?" तिनं विलासकडे पाहिलं. "लग्न झालं नाई वाट्टे याचं."

विलास हेडफोन परत द्यायला लागला, मी घेतला नाही. तर तिनं रिकामं कव्हर आणि पिशवीभर वांगी सॅकमध्ये कोंबली. "इथं धूळच खाते ते," म्हणाली. कव्हराबद्दल.

रविवारी मंडळात गेलो. उभ्या उभ्याच सांगून टाकलं की सात नंबर मिळाली होती, पण ती वांग्यांच्या राखणीला ठेवून आलो, हे नुसतं कव्हर आहे, आत काही नाही. स्टूलही जाणार, अशी तयारी होती.

नानांनी भिंगानं चारही कोपरे पाहिले. कव्हर कपाटातल्या भोकात सरकवलं. रेघ एकपासून दहापर्यंत सलग झाली. मग एक निवृत्त डॉक्टर म्हणाले, "आत तबकडी नाही ते उत्तमच. वजनानं खालची शिवण उसवते." सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

मी बसलो. खुर्ची मऊ होती, खोटं कशाला बोला. म्हटलं, "आता मत देतो. फोनमध्ये कॉपी आहे, ऐकू या का?" नाना म्हणाले, "आता नको, चहा येतोय." चहा कोण आणणार म्हणून सगळे माझ्याकडेच बघत होते.

परवा विलासचा फोन आला. वांदरं त्यांच्या वावरातून गेली ती शेजारच्या गजाननभाऊंच्या कोबीत शिरली. गजाननभाऊ रोज बांधावर येऊन भांडतात. "अशी आनखी एखादी हाये काय तुह्याजोळ?"

"आहे, पण नवी कोरी. सीलबंद. ओरखडा नाही."

"आठ दिवस वावरात राह्यली की व्हते तय्यार."

माझ्याकडे त्या मालिकेतल्या तीन आहेत. नखानं एकेकीचं सील फाडलं. जुन्या बाजारातून आणलेला माझा प्लेअर मी कधी लावलाच नव्हता, त्याची वायर शोधण्यात अर्धी दुपार गेली. आता ऐकत बसलोय. एक नंबर फारच गोड आहे, वांदरं झोपतील. तीन नंबरला दुसऱ्या मिनिटाला खालच्या काकूंनी दार वाजवलं.

तीन नंबर पाठवतोय.