यशवंताच्या गिटारीतलं जातं

हे गानं भरलं तवा खोलीत आम्ही चौघं व्हतो. मी सरूबाई, माहा धाकला भाऊ यशवंत, त्याची बायको शालू आन् आवाज भरून घेनारा सलीम.

नांदेडहून गाडीत बसले ती हैदराबादेत नामपल्लीला उतरले. यशवंत घ्यायला आलता. जवानीत आर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, आता केस पांढरे. माही पिशवी घ्यायला गेला तर हातातून सटकली.

"बोटं सुन्न पडायलीत, अक्का. ही शेवटची कॅसेट. नुसती गिटार, बोल नाहीत. गावाकडची समदी गानी झाली. मायचं जात्यावरचं तेवढं जमंना. तू गा, मी ऐकून वाजवतो."

"गिटारीवर दळन दळतोस व्हय रं?" म्हनले. तसा हसला.

अंबरपेठेत त्याचं घर. शालूनं खट्टी दाळ (चिंचेचं वरन) आन् भात वाढला. भाकर नव्हती. भातावरच भागवलं.

सकाळी नारायणगुड्याला सलीमच्या खोलीत गेलो. भिंतीला गाद्या मारलेल्या. माह्या कानावर डबडे चढवले, गा म्हनले. आवाजच फुटंना. जात्यावर हात फिरल्याबिगर ते गानं येतच नाही.

शालू उठली, घराशेजारच्या तेलुगू म्हातारीचं जातं आटोत घालून आनलं.

सलीम म्हनला, "अम्मा, खालीच घुमाओ. दाने नक्को, आवाज बहुत आता."

"रिकामं जातं फिरवत नसतेत, बाबा. घरात दाना टिकत नाही."

"अम्मा, ये घर नहीं, स्टुडिओ है!"

"मंग तुह्या स्टुडिओला दाना नको का?"

सलीम हसत हसत सोताच ज्वारी आनायला गेला.

पयली मूठ टाकली, खुंटा धरला. दुष्काळात माय लाल मिलो (रेशनची ज्वारी) दळायची. बाप गेलेला. यशवंत तिच्या मांडीवर निजायचा. हात फिरला तसं गानं आलं. यशवंत डोळे मिटून मागं मागं वाजवाया लागला. मी मूठ टाकाया थांबले की हा म्होरं पळायचा. असं दोनदा झालं. मंग त्यानं डोळे उघडले, माह्या हाताकडं बघितलं. मूठ पडूस्तर थांबला. जमलं.

"इथंच चुकत व्हतो, अक्का," म्हनला. "मी निजलेला असायचो. मायची मूठ मला कव्हा दिसली?"

शालूनं डोळ्याला पदर लावला. मी दळत राहिले.

माहा आवाज सलीमनं मागून काढून टाकला. नुसती गिटार आन् जातं ठिवलं. बोल नाहीत म्हनल्यावर नाहीत.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसले. यशवंताची बोटं बरी व्हनार नाहीत म्हून डॉक्टरनं सांगितलंय. त्याला काय करनार. माय गेली तवा तिचा फोटोसुदिक नव्हता आमच्यापाशी. आता हे हाय.

तुम्ही ऐकाल तर एक करा. मधी मधी गिटार थांबती. बिघडलं म्हून बंद करू नका. मूठ पडूस्तर दम धरा.