सहाशे अकरा फुटांचा दरवाजा

सांगा बरं, माणसानं भरवसा ठेवावा कोणावर? स्वतःच्या डोळ्यांवर, शेजाऱ्यावर, की नागपूरहून आणलेल्या मशीनवर? घाईनं उत्तर देऊ नका, आधी चहा घ्या. मी या तिघांतला नेमका चुकीचा निवडला आणि अख्ख्या अहेरीत माझं हसं झालं!

माझा धंदा सागवानी चौकटी-दरवाज्यांचा. रस्त्यापलीकडे रफिकभाईचं तेच दुकान. माणूस मोठा गोड. ईदेचा शीरखुर्मा आमच्या घरी, दिवाळीचा चिवडा त्याच्या घरी. पण एक दिवस त्यानं कॉम्प्युटर आणला, आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते कोणत्याच गोळीनं थांबेना!

सोबत एक चपटी पेटी होती, स्कॅनर. मापांचा कागद त्यात उपडा ठेवायचा, झाकण लावायचं, की आत उजेड सरकायचा. रफिकभाई म्हणायचा, "संध्याकाळी या, तक्ता तयार." आणि संध्याकाळी खरंच तयार! रकाने, घनफूट, बेरीज, सगळं छापील. बाजाराच्या दिवशी लोक लाकूड सोडून तो उजेडच बघत उभे. इकडे माझ्या दुकानात मी आणि माशा.

त्यात डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाचा दवाखाना बांधायला घेतला. दारं-खिडक्या सगळ्या एकाच दुकानातून घेणार. आम्हा दोघांनाही म्हणाल्या, "माप घ्या, तक्ता द्या." हे काम समोर गेलं असतं तर मला पाटी उतरवून फुटाणे विकायला बसावं लागलं असतं!

मी थेट नागपूर गाठलं. कॉम्प्युटर आणला, वर रफिकभाईच्या पेटीपेक्षा मोठी पेटी आणली. विकणारा म्हणाला, "चित्रातला तक्ता हे स्वतः ओळखतं, आकडे आपोआप रकान्यात बसवतं. शेवटी एकदा नजर मात्र टाका, शेठ."

नजरच टाकायची तर मशीन कशाला घ्यायचं, सांगा!

मापं मीच घेतली, वडिलांनी शिकवलेल्या पद्धतीनं लिहिली. पाव फुटाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. साडेसहा म्हणजे सहापुढे दोन रेघा. आकडे माझे इंग्रजी, कॅलेंडरवर गिरवून शिकलेले, छापल्यासारखे. कागद पेटीत ठेवला. मराठी नावांचा मशीननं पार किडे-मुंग्यांचा बाजार केला, ती मी पुन्हा टाइप केली. आकडे मात्र आपापल्या चौकोनात असे ऐटीत बसले की काय सांगू! वाचतो कोण? मी तर नुसता बघतच राहिलो. कागद लिफाफ्यात घातला, रफिकभाईच्या दुकानावरून मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या आणि बाईंना नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. जाऊन बघतो तर रफिकभाई आधीच खुर्चीत, हातात चहा! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, यानं बाईंचे कान भरले.

बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचे दरवाजे जरा उंच नाही वाटत?"

"उंचच बरे, बाई. उद्या कपाट-पलंग आत न्याल, तवा माही आठवण येईन."

"अहो, पण माझी इमारत दोनच मजल्यांची आहे."

"मशीननं काढलं आहे, बाई! चूक असन तर ती त्याच्या तक्त्यात," मी रफिकभाईकडे बोट केलं. "मोठ्या दरवाज्याले मोठं दुकान लागते. हे छोट्या दुकानाचं काम नाई!"

रफिकभाईच्या बशीत चहा सांडला. बाईंनी ओठ दाबले. "लिहिलं आहे तेवढं लाकूड टाकाल?"

"तेवढंच टाकतो! एक फूट कमी निघालं तर नाव बदलून ठेवा माहं."

"मग आलापल्लीच्या जंगलात झाड नाही उरणार, भाऊ. आणि माझ्या बाळंतिणी काय हत्तीच्या डोक्यावर हत्ती ठेवून आत येणार आहेत?"

त्यांनी कागद पुढे केला. दरवाजा, उंची सहाशे अकरा फूट! माझ्या दोन रेघा मशीननं इमानदारीनं अकरा म्हणून वाचल्या होत्या. न्हाणीघराचा पावणेदोन फुटांचा झरोका, एकापुढे तीन रेघा, तो तर हजारावर गेला होता!

काम रफिकभाईला गेलं, हे सांगायला हवं का? बाहेर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शेठ, तुमचे आकडे छान हायेत, म्हणून फसले. माहं अक्षर असं की माह्या मशीननं आजवर एक आकडा वाचला नाई."

"मंग तक्ते कसे निघतात बे?"

"उजेड फिरवतो नुसता. गिऱ्हाईक गेलं की एकेक आकडा बोटानं टाइप करतो."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कवा? तुम्ही तं तिकडून जळूनच राह्यले होते!"

म्हणजे बघा, ज्या मशीनपायी मी वर्षभर जळलो, ते कधी चाललंच नव्हतं!

आता तुम्हाला एकच विनंती. ही गोष्ट चार लोकांत सांगाल, तर हिशेब इमानदारीनं ठेवा. यात मूर्ख एकच होता. अर्धा रफिकभाई त्यात मिळवून दीड करू नका. आणि केलेच, तर रेघा मारून लिहू नका. माझं मशीन एकशे अकरा वाचतं.